पवनविजेचा भाव: वाऱ्यापेक्षा व्याज आणि तार भारी

प्रश्न असा आहे: वारा फुकट, जगभर पवनचक्क्या झपाट्याने वाढतायत, मग त्या बनवणाऱ्या कंपन्या तोट्यात का जातात, समुद्रातले मंजूर झालेले प्रकल्प मालक स्वतःच का सोडून देतात, आणि पवनवीज स्वस्त की महाग याचं एकच उत्तर का मिळत नाही?

आधी आवाका सांगतो. २०२४ अखेर जगात पवनऊर्जेची उभारलेली क्षमता ११०० गिगावॅटच्या वर गेली होती. त्यातली निम्म्याच्या जवळपास एकट्या चीनमध्ये, आणि समुद्रातली सगळी मिळून ८० गिगावॅटच्या आसपास. जगाच्या एकूण विजेत वाऱ्याचा वाटा ८ टक्क्यांच्या घरात. डेन्मार्कमध्ये तो निम्म्याहून जास्त आहे. भारताने २०२५ मध्ये ५० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. ही वाढ जिथे वारा सर्वात चांगला तिथे सर्वात जास्त झाली, असं मात्र नाही. स्वस्त कर्ज, विजेचा पक्का खरेदीदार आणि जवळून जाणारी वीजवाहिनी जिथे मिळाली, तिथे ती झाली.

कारण साधं आहे. औष्णिक केंद्रात खर्चाचा मोठा भाग कोळशाचा, आणि तो वर्षानुवर्षं, जळेल तसा द्यायचा असतो. पवनचक्कीत पुढच्या पंचवीस वर्षांच्या विजेचे पैसे जवळजवळ सगळे पहिल्या दोन वर्षांतच द्यावे लागतात. हे पैसे उसने आणलेले असतात, म्हणून युनिटचा भाव मुख्यतः पैशाच्या भाड्यावर, म्हणजे व्याजावर ठरतो.

हिशेब मांडूनच बघा. जमिनीवरच्या प्रकल्पाचा खर्च मेगावॅटला ८ कोटी रुपये धरू, देखभाल, विमा आणि भाडं मिळून वर्षाला १२ लाख, आयुष्य २५ वर्षं. क्षमता वापर, म्हणजे चक्की वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली तर मिळेल त्या विजेतला प्रत्यक्ष मिळणारा हिस्सा, ज्याला आपल्याकडे सगळे सीयूएफ म्हणतात तो, ३२ टक्के. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे एका मेगावॅटमागे सुमारे २८ लाख युनिट. भांडवलावरचा सरासरी दर, कर्ज आणि मालकाचा परतावा धरून, ९ टक्के असेल तर युनिट साधारण ३ रुपये ३४ पैशांना पडतं. दर १२ टक्के झाला की तीच चक्की, तोच वारा, पण युनिट ४ रुपये ७ पैसे. दर ६ टक्के मिळाला तर २ रुपये ६६ पैसे. आता दर ९ टक्क्यांवरच ठेवा आणि वारा सुधारा: सीयूएफ ४० टक्के झाला तर २ रुपये ६७ पैसे, २५ टक्के असेल तर ४ रुपये २७ पैसे. म्हणजे भांडवल तीन टक्के स्वस्त मिळणं आणि ३२ वरून ४० टक्क्यांच्या जागेवर जाणं, दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच. अशा जागा शोधून मिळत नाहीत. व्याज मात्र एका धोरणाने किंवा एका चांगल्या कराराने खाली येतं. यात कर आणि महागाई धरलेली नाही. प्रत्यक्षात हा हिशेब कित्येक पानी असतो, पण कल कळायला एवढा पुरे.

वाऱ्याकडेही नीट बघावं लागतं. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटर आणि ७ मीटर यांत फरक एका मीटरचा, पण वाऱ्यातली ऊर्जा ५९ टक्क्यांनी जास्त. चक्कीला एवढा सगळा फायदा मिळत नाही, कारण साधारण ११ ते १३ मीटरच्या वेगाला ती पूर्ण क्षमतेला पोचते, आणि त्यापुढे पाती कोन बदलून जादा वारा सोडून देतात. तरी वार्षिक सरासरीच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी कर्जाचा हप्ता डळमळतो. म्हणून जागेवर मापन मनोरा उभारून निदान पूर्ण वर्षभर नोंद घेतात आणि ती दीर्घकालीन हवामान नोंदींशी जुळवतात. त्यातून दोन आकडे निघतात. पी-५० म्हणजे निम्म्या शक्यतेने ओलांडलं जाईल असं उत्पादन, आणि पी-९० म्हणजे दहापैकी नऊ वेळा गाठलं जाईल असं. अंदाजातली अनिश्चितता ८ टक्के असेल तर पी-९० हा पी-५० च्या ९० टक्के असतो. अनिश्चितता १२ टक्के असेल तर ८५ टक्क्यांखाली जातो. बँक कर्ज पी-९० वर देते. मापनात वाचवलेले दहा-वीस लाख असे कर्जात कोट्यवधींनी परत जातात.

पठारांबाबत एक सूचना, कारण साताऱ्याच्या बाजूला चाळकेवाडी, वनकुसवडे अशा सड्यांवरच चक्क्या आहेत. सपाट माथ्याच्या डोंगराच्या कडेला वारा वेग घेतो, पण कडेमागे काही अंतर तो फुटलेला, भोवऱ्यांचा असतो. शिवाय तिथे उंचीबरोबर वेग वाढण्याचं प्रमाण कमी असतं. मैदानात ८० मीटरचा मनोरा १४० मीटर केला तर वेग १० ते १२ टक्के सहज वाढतो. सड्यावर तेवढा वाढेलच असं नाही, आणि उंच मनोऱ्याचं पोलाद फुकट जाऊ शकतं. हवेची घनताही बघा. समुद्रसपाटीला ती घनमीटरला १.२२५ किलो धरतात. हजार-अकराशे मीटरवर ती १.०५ ते १.१ एवढीच भरते. उत्पादकाच्या कागदावरचा 'कुठल्या वेगाला किती वीज' हा आलेख तसाच्या तसा वापरला, तर दहा-बारा टक्के युनिट कागदावरच राहतात.

पवनचक्क्या गेल्या तीस वर्षांत स्वस्त झाल्या त्या मुख्यतः पात्यांच्या लांबीमुळे. दोन हजार सालाच्या आसपास सगळीकडे दिसणाऱ्या ६६० किलोवॅटच्या चक्कीचा घेर ४७ मीटर व्यासाचा होता, म्हणजे पाती फिरताना व्यापतात त्या क्षेत्राच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ३८० वॅट. आज भारतात बसणाऱ्या ३ मेगावॅटच्या चक्कीचा व्यास १४० मीटरच्या पुढे असतो आणि हा आकडा १९० वॅटच्या आसपास येतो. तेवढ्याच जनित्राला दुप्पट वारा मिळाल्यामुळे मध्यम वाऱ्याच्या जागेवरही सीयूएफ ३० टक्क्यांच्या वर जातो. म्हणून दोन प्रकल्पांची तुलना 'मेगावॅटला किती कोटी' अशी करणं चुकीचं आहे. लांब पात्याची चक्की मेगावॅटमागे महाग आणि युनिटमागे स्वस्त असते.

आता धोरण. अनुदान यंत्रावर दिलं की यंत्रं उभी राहतात, युनिटवर दिलं की वीज मिळते. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात केंद्र आणि राज्य मिळून गुंतवणुकीच्या जवळपास निम्म्या रकमेएवढी करसवलत मिळे. आल्टामाँट खिंडीत हजारो चक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या पुष्कळशा धड चालल्याच नाहीत, आणि १९८५ नंतर सवलत आटली तशी बाजारपेठही कोसळली. डेन्मार्कनेही १९७९ पासून भांडवलावर ३० टक्के अनुदान दिलं, पण ते रिसो इथल्या चाचणी केंद्राने मान्यता दिलेल्या यंत्रालाच. तीन पात्यांचं, जड, कंटाळवाणं पण टिकाऊ यंत्र त्यातूनच घडलं, आणि आज जगभर तेच दिसतं. अमेरिकेने १९९२ मध्ये युनिटवर करसवलत आणली. ते शहाणपणाचं होतं, पण तिची मुदत वारंवार संपू दिली. परिणाम: २०१२ मध्ये सुमारे १३ गिगावॅट बसले आणि २०१३ मध्ये जेमतेम १. असं झाल्यावर पाती बनवणारा कारखाना चालवायचा कसा? जर्मनीने १९९० च्या कायद्याने पवनवीज विकत घेणं बंधनकारक केलं आणि २००० च्या कायद्याने वीस वर्षांचा ठरलेला दर दिला. दर ठरलेला म्हणजे धोका कमी, धोका कमी म्हणजे कर्ज स्वस्त. मध्यम वाऱ्याचा हा देश त्यामुळे पुढे गेला.

भारताची गोष्ट कॅलिफोर्नियासारखी सुरू झाली. नव्वदच्या दशकात १०० टक्के वेगवान घसारा मिळे, म्हणजे नफ्यातल्या कंपनीने चक्की घेतली की पहिल्याच वर्षी कर वाचे. ती किती युनिट देते हा प्रश्न दुय्यम होता. पुढे घसारा ८० टक्क्यांवर आला, आणि २००९ मध्ये युनिटमागे ५० पैसे उत्पादन प्रोत्साहन आलं. तेव्हा कुठे स्वतंत्र वीज उत्पादक कंपन्या जागा आणि यंत्र नीट निवडू लागल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये, सर्वात कमी भाव मागणाऱ्याला करार देणारा, पहिला देशव्यापी लिलाव झाला. भाव ३ रुपये ४६ पैसे. वर्ष संपता संपता २ रुपये ४३ पैसे. बातम्यांत कौतुक झालं, पण २०१६-१७ मध्ये साडेपाच गिगावॅट उभारणाऱ्या देशात २०१७-१८ मध्ये पावणेदोनच उभे राहिले. भाव इतका खाली आला की कच्छ आणि तमिळनाडूच्या मोजक्या जागांशिवाय कुठेच परवडेना. सगळे तिथेच धावले, आणि जमीन व उपकेंद्रातली क्षमता दोन्ही कमी पडली. महाराष्ट्रासारखी मध्यम वाऱ्याची राज्यं त्या वर्षांत जवळपास बाहेरच पडली. माझ्या मते अडीच रुपयांच्या आतला तो भाव खऱ्या खर्चाचा नव्हताच. व्याज आणखी उतरेल, यंत्र आणखी स्वस्त होईल अशा आशेवर लावलेली ती बोली होती.

खरेदीदाराचा शब्द हाही भांडवलाच्या दराचाच भाग. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशाने जुन्या करारांचे दर कमी करायला घेतले. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते फेटाळलं, पण मधली वर्षं पैसे अडकले. वितरण कंपनी बिल सहा-आठ महिने उशिरा देत असेल, तर उत्पादकाला खेळतं भांडवल आणखी महाग घ्यावं लागतं. पुढच्या निविदेत तो खर्च भावात येतोच.

मग तार. केनियातल्या तुर्काना सरोवराजवळचा प्रकल्प जगातल्या उत्तम वाऱ्याच्या जागांपैकी एकावर आहे. ३१० मेगावॅट, त्यासाठी ८५० किलोवॅटच्या ३६५ चक्क्या. एवढ्या लहान का? कारण सगळं सामान मोंबासा बंदरातून रस्त्याने न्यायचं होतं. त्यासाठी २०० किलोमीटरहून जास्त रस्ता सुधारावा लागला, आणि मोठ्या चक्कीची पाती व क्रेन तिथे पोचणं अवघड होतं. चक्क्या २०१७ मध्ये उभ्या होत्या. सुस्वा इथल्या उपकेंद्रापर्यंतची ४३८ किलोमीटरची पारेषण वाहिनी मात्र सप्टेंबर २०१८ पर्यंत तयार नव्हती, कारण तिचा कंत्राटदार आर्थिक अडचणीत गेला. करारात 'वीज घेतली नाही तरी भरपाई' हे कलम होतं, त्यामुळे पंखे उभे आणि बिल चालू. असं कलम नसतं तर कर्ज मिळालं नसतं, आणि होतं म्हणून भुर्दंड देशावर पडला.

चीनने हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर केली. गान्सू प्रांतात चक्क्या आधी, वाहिन्या मागून. २०१६ मध्ये तिथली ४३ टक्के पवनवीज वाया गेली, देशभरात १७ टक्के. नंतर ८०० किलोवोल्टच्या थेट प्रवाह वाहिन्या टाकल्या तेव्हा ते प्रमाण खाली आलं. टेक्सासने उलटा क्रम धरला. २००५ च्या कायद्याने आधी पश्चिमेकडचे वाऱ्याचे पट्टे ठरवले, मग सुमारे ७ अब्ज डॉलर खर्चून जवळपास ५८०० किलोमीटर वाहिन्या २०१४ च्या सुरुवातीपर्यंत पूर्ण केल्या. खर्च सगळ्या ग्राहकांवर वाटला. त्यानंतर तिथे चक्क्यांना बोलवावं लागलं नाही. चक्क्या उभारायला दीड-दोन वर्षं पुरतात आणि वाहिनीला पाच-सात लागतात. क्रम चुकला की काय होतं आणि जुळला की काय होतं, ते या तीन ठिकाणी दिसतं.

समुद्रातले प्रकल्प का रद्द झाले, याचं उत्तर वरच्या व्याजाच्या हिशेबात आहे. ब्रिटनमध्ये समुद्री पवनविजेचा कराराचा भाव, २०१२ च्या किमतींत, २०१५ मध्ये मेगावॅट-तासाला ११४ ते १२० पौंड होता. २०१७ मध्ये तो ५७.५० आणि २०२२ मध्ये ३७.३५ झाला. यंत्रं मोठी झाली, जहाजं सुधारली हे खरंच, पण पैसाही जवळजवळ फुकट होता. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर २०२१ मध्ये ०.१ टक्का होता, ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्के झाला. पोलाद, तांबं, जहाजांचं भाडं, सगळंच त्याच काळात चढलं. ३७.३५ ला करार जिंकलेल्या १.४ गिगावॅटच्या नॉरफोक बोरियस प्रकल्पाचं काम स्वीडनच्या व्हॅटनफॉल कंपनीने जुलै २०२३ मध्ये थांबवलं. खर्च ४० टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षीच्या लिलावात सरकारने कमाल भाव ४४ पौंड ठेवला आणि समुद्री प्रकल्पाची एकही बोली आली नाही. २०२४ मध्ये कमाल ७३ केला, तेव्हा ५४ ते ५९ पौंडांवर बोल्या आल्या. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत डेन्मार्कच्या ओर्स्टेड कंपनीने दोन प्रकल्प मिळून २२४८ मेगावॅट सोडून दिले ते ऑक्टोबर २०२३ अखेर. तिथे आणखी एक अडचण होती. अमेरिकी बंदरातून समुद्रातल्या जागेवर माल नेणारं जहाज अमेरिकेतच बांधलेलं लागतं, आणि तशी मोठी जहाजं जवळपास नव्हतीच. डेन्मार्कने डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर समुद्रातल्या ३ गिगावॅटसाठी अनुदानाविना बोल्या मागवल्या, एकही आली नाही. जमिनीवर बोली आणि वीज यांत दोन-तीन वर्षं जातात, समुद्रात सहा-आठ. एवढ्या काळाचं व्याज आणि पोलाद आजच्या भावात बांधून घेणं म्हणजे जुगार, म्हणून करारात महागाईशी जोडलेला दर हवा.

यंत्र बनवणाऱ्यांचा तोटा यालाच जोडलेला आहे. लिलावाने भाव दाबला की विकासक, म्हणजे प्रकल्प उभारणारा, यंत्राचा भाव दाबतो. त्यावर उपाय म्हणून युरोपीय कंपन्यांनी दर दोन-तीन वर्षांनी मोठं मॉडेल आणलं. नवं मॉडेल पुरेसं चालवून बघण्याआधीच शेकड्यांनी विकलं गेलं. सीमेन्स गमेसाच्या जमिनीवरच्या नव्या मॉडेलांत पाती आणि बेअरिंगचे दोष निघाले, आणि मूळ कंपनी सीमेन्स एनर्जीला २०२३ च्या आर्थिक वर्षात साडेचार अब्ज युरोंहून जास्त तोटा झाला. तिकडे चिनी कारखान्यांना देशातच प्रचंड मागणी होती. २०२४ मध्ये उभारणीत जगातले पहिले चारही उत्पादक चिनी होते.

चालवताना काय बिघडतं? गिअरबॉक्सची बेअरिंगं, मुख्य बेअरिंग, पात्यांचा कोन फिरवणारी बेअरिंगं, आणि पात्याची पुढची कड. पात्याचं टोक सेकंदाला ८० मीटरच्या वेगाने पावसाच्या थेंबावर आदळतं. लेप उडाला की कड खरबरीत होते आणि उत्पादन काही टक्क्यांनी घटतं. चक्की चालू दिसते, म्हणून ते लवकर लक्षातही येत नाही. वर्षातून एकदा ड्रोनने पाती तपासायचा खर्च याच्यापुढे किरकोळ आहे. विजेच्या लोळापासून वाचवणारी पात्यातली तार आणि जमिनीतला अर्थिंगचा रोध पावसाळ्याआधी मोजावा. आपल्याकडे कातळावर अर्थिंग नीट होत नाही आणि पाती फुटतात.

गिअरबॉक्स बदलायला मोठी क्रेन लागते. ती घाटातून वर आणायची, सांगाड्याचे तुकडे जोडायचे, आणि वारा शांत असेल तेव्हाच काम. भारतात वर्षाची साठ-सत्तर टक्के पवनवीज पावसाळ्याच्या पाच महिन्यांत होते. वरच्या हिशेबातल्या चक्कीचा एक मेगावॅट या काळात दिवसाला १२ हजार युनिट देतो, इतर दिवसांत साडेचार हजार. जुलैत ३ मेगावॅटची चक्की १५ दिवस बंद म्हणजे १८ लाखांचं नुकसान, क्रेनचं भाडं वेगळं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये तेलाचे नमुने तपासून आणि कंपनाच्या नोंदी बघून, संशय असलेलं बेअरिंग आधीच बदललेलं परवडतं. देखभाल करारात '९५ टक्के उपलब्धता' एवढंच लिहिलं असेल तर कंत्राटदार वर्षाची सरासरी दाखवतो. उपलब्धता हंगामाची वेगळी, आणि शक्यतो तासांऐवजी युनिटवर मोजायची, असं लिहून घ्या.

शेवटचा मुद्दा युनिटच्या किमतीचा. एका प्रदेशातल्या सगळ्या चक्क्या एकाच वाऱ्यावर फिरतात, त्यामुळे वारा जोरात असताना बाजारातला भाव पडतो. जर्मनीत २०२४ मध्ये ४५७ तास घाऊक भाव शून्याखाली होता, सूर्य आणि वारा दोन्ही मिळून. पवनवीज जितकी वाढते तितकी तिची सरासरी कमाई बाजाराच्या सरासरीखाली जाते. भारतात सध्या उलट फायदा आहे. पावसाळ्यात सौरवीज घटते तेव्हाच वारा असतो, आणि संध्याकाळनंतरही चालतो, जेव्हा मागणी चढलेली असते. म्हणून सौर आणि पवन एकत्र मागणाऱ्या निविदांत पवनविजेला एकटीला मिळाला असता त्यापेक्षा चांगला भाव मिळतो. एकाच वाहिनीवर दोन्ही जोडल्यामुळे तारेचा खर्चही वाटला जातो. आंतरराज्य वाहिनीच्या शुल्काची पूर्ण माफी जून २०२५ नंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांना नाही, ती टप्प्याटप्प्याने कमी होतेय. त्यामुळे कच्छमधून महाराष्ट्रात वीज आणण्यापेक्षा धुळे, सातारा, सांगलीतल्या मध्यम वाऱ्यावर लांब पात्यांची चक्की लावण्याचं गणित पुन्हा जुळू लागलंय.

कुठल्याही प्रकल्पाचा कागद पुढे आला तर सरासरी वारा आणि मेगावॅटचा खर्च शेवटी बघा. आधी पी-९० आणि त्यामागचं किती महिन्यांचं मापन, भांडवलाचा गृहीत दर, उपकेंद्रात जोडणीची मंजूर तारीख, खरेदीदाराची गेल्या दोन वर्षांतली बिल भरण्याची नोंद, आणि त्याच मॉडेलच्या किती चक्क्या किती वर्षं चालू आहेत, हे विचारा.